एअर पिस्तुलात पेलेट एकसारखी बसत नाही, लिव्हर कधी जड कधी हलका: आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात राहता, 10 मीटर नेमबाजीसाठी दुसऱ्याने वापरलेलं प्रीचार्ज्ड (दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं) एअर पिस्तूल नुकतंच घेतलंय. पेलेट (शिशाची छोटी गोळी) घातल्यावर ती आत ढकलणारा लिव्हर कधी अलगद बंद होतो, कधी मध्येच अडतो आणि जोर लावावा लागतो. दहातले सात-आठ शॉट 9 आणि 10 मध्ये जातात, दोन-तीन मात्र थेट 7 मध्ये, तेही बहुतेक खाली. एकाने सांगितलं पेलेट बदला, दुसऱ्याने बॅरल गेलंय म्हणून सांगितलं. शिवाय परदेशातले लोक काडतुसं घरी भरताना प्रायमर (पिन आदळल्यावर पेटणारी, काडतुसाच्या तळाची टोपी) किती आत बसलं ते मोजतात, तसं काही मोजमाप इथेही करायचं का, असंही विचारलंय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर संपतो. काडतुसात प्रायमर केसच्या तळाच्या किंचित आत बसावं लागतं, वर राहिलं तर पिन आधी ते खाली दाबण्यात ताकद घालवते आणि बार उडत नाही. तिथे खोली बसवणाऱ्याच्या हातात असते, म्हणून ते मोजतात. आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे घरी काडतुसं भरण्याच्या वाटेला जाऊच नका. तुमचं 4.5 मिमीचं एअर पिस्तूल निराळं आहे. त्यात पेलेटची खोली तुम्ही ठरवत नाही, लिव्हरबरोबर पुढे सरकणाऱ्या बोल्टचं पुढचं टोक ठरवतं. तुमच्या हातात असतात त्या दोनच गोष्टी: पेलेट बॅरलच्या तोंडाशी सरळ उभी आहे का, आणि तिचा स्कर्ट, म्हणजे मागचा पोकळ घेर, गोल आहे का.

आता मूळ दुखणं. तुम्ही दोन तक्रारी एकत्र बांधल्या आहेत: लिव्हर अडतो, आणि शॉट खाली 7 मध्ये जातात. दोन्हींचं कारण एकच असेल असं आधीच धरून चाललात तर पैसे खर्च होतील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून हत्याराला हात लावण्याआधी थोडं गणित करू.

10 मीटर एअर पिस्तुलाच्या टारगेटवर 10 चं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 16 मिमीने मोठं: 9 चं 27.5, 8 चं 43.5, 7 चं 59.5. पेलेट 4.5 मिमीची, आणि तिची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य टारगेटच्या मध्यापासून 8 मिमीच्या आत असेल तर 10, 16 च्या आत 9, 24 च्या आत 8. 7 मिळाला याचा अर्थ पेलेटचा मध्य 24 मिमीहून जास्त लांब गेला. ही बरीच मोठी चूक आहे. चांगल्या मॅच पेलेट्सचा, पिस्तूल शिकंज्यात धरून मारलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटचा पसारा, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 3 मिमीचा येतो. पेलेट सुमार असली, ग्रुप दुपटीने वाढला, तरी तेवढ्याने 10 चा 9 होईल. 10 चा 7 व्हायला काहीतरी वेगळंच बिघडावं लागतं.

खाली जाण्याचंही असंच मोजता येतं. पेलेट सरासरी 150 मीटर प्रतिसेकंद वेगाने गेली तर 10 मीटर कापायला 0.067 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाने सुमारे 22 मिमी खाली येते. वेग 140 वर आला तर 25 मिमी. म्हणजे वेग 10 मीटरने घटला तरी फरक जेमतेम 3 मिमीचा. शॉट आणखी 24 मिमी खाली जायला वेग 103 च्या आसपास उतरावा लागेल, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. एवढी हवा कुठूनतरी निसटली तर आवाजात कळतंच. नेहमीच्या कोरड्या ‘टक्’ऐवजी ‘फस्स’ ऐकू येतं आणि कागदावरचं भोकही फाटकं पडतं.

तेव्हा पहिला प्रश्न तुम्हालाच: 7 मध्ये गेलेल्या शॉटचा आवाज वेगळा होता का? वेगळा असेल तर हवा गळते आहे, ओ-रिंगकडे, म्हणजे सांध्यात हवा अडवणाऱ्या रबरी कडीकडे बघायचं. आवाज नेहमीचा असेल तर खाली गेलेला शॉट बहुधा ट्रिगरच्या बोटाचा किंवा शॉटआधीच ढिल्या पडलेल्या मनगटाचा आहे. लिव्हर अडणं हे तेव्हा दुसरं, स्वतंत्र दुखणं ठरतं. स्कर्ट वाकलेली पेलेट शॉट भरकटवते हे खरं, पण ती कधी उजवीकडे, कधी वर, कधी खाली जाते. एकाच दिशेला जाणारी चूक पेलेटच्या माथी मारायची नाही.

हे नुसतं वाचून मान्य करू नका, ताडून बघा. त्यासाठी 30 पेलेट आणि वाळूची किंवा तांदळाची एक घट्ट पिशवी पुरते. डब्यातल्या 15 पेलेट निवडून घ्या. एक-एक पेलेट काचेच्या तुकड्यावर आडवी ठेवून बोटाने हलकेच लोटली की ती गोल वळणाने निघते. स्कर्ट गोल असेल तर ती शांतपणे फिरते, चेपलेला असेल तर ठेचकाळत जाते. ठेचकाळणाऱ्या बाजूला काढा. उरलेल्या 15 पेलेट न बघता, डब्यातून येतील तशा घ्यायच्या. पिस्तुलाची फ्रेम ट्रिगर गार्डच्या पुढे पिशवीवर टेकवा. बॅरल किंवा सिलिंडर पिशवीला लागता कामा नये. आता एका टारगेटवर निवडलेल्या पाच, दुसऱ्यावर न निवडलेल्या पाच, पुन्हा निवडलेल्या, असं आलटून-पालटून सहा टारगेट मारा. आलटून-पालटून अशासाठी की हाताचा थकवा आणि सिलिंडरमधली उतरती हवा दोन्ही बाजूंना सारखीच वाट्याला यावी. आधी एका प्रकारच्या पंधराच्या पंधरा मारून टाकल्या तर शेवटी काय ताडलं तेच कळत नाही.

प्रत्येक ग्रुपच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजून त्यातून 4.5 वजा करा. पिशवीवरून पाच शॉट 10 च्या वर्तुळाएवढ्या जागेत, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत 7 मिमीत मावत असतील तर हत्यारात मोठा दोष नाही. दोन्ही प्रकारचे ग्रुप लहान आले तर 7 तुमच्या हातातून येत आहेत. निवडलेल्यांचा लहान आणि डब्यातल्यांचा पसरलेला आला तर पेलेट किंवा ती घालण्याची पद्धत चुकते आहे. दोन्ही पसरले तरच ब्रीच (बॅरलचं मागचं तोंड, जिथे पेलेट घालतात), ओ-रिंग, बॅरल यांच्या मागे लागायचं. हा पाऊण तासाचा उद्योग केल्याशिवाय मी तरी कुणाला नवा पार्ट घ्यायला सांगत नाही.

आता लिव्हर. तो अडतो कसा, यावरच निम्मं निदान होतं.

काही पेलेट्सना अडतो आणि काहींना नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे बरं लक्षण आहे. प्रत्येक वेळी अडला असता तर जोडणीचे सांधे कोरडे पडलेत, ओ-रिंग फुगली आहे किंवा चुकीच्या मापाची बसवली आहे, असं म्हणावं लागलं असतं. पेलेट न घालता लिव्हर चार-पाचदा उघडून बंद करून बघा. रिकामा अगदी मऊ चालतो आणि पेलेट घातल्यावरच अधूनमधून अडतो, तर पेलेट तिरकी जाते आहे किंवा तिचा स्कर्ट मोठा अथवा चेपलेला आहे.

पुढची तपासणी ब्रीचच्या तोंडाशी. त्याआधी पिस्तूल निर्धोक करा, आणि इथे घाई नको. सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं. रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) आणि हवेच्या कप्प्यात एखाद-दोन शॉटपुरती हवा उरते. पेलेट न घालता, टारगेटच्या दिशेला धरून, आवाज पूर्ण थांबेपर्यंत कॉक करून ट्रिगर दाबा. मग लिव्हर उघडा ठेवून बॅरलमधून सेफ्टीची रंगीत दोरी आरपार घाला. ती दोन्ही टोकांना दिसली की पिस्तूल टेबलावर घ्यायचं. निरीक्षणाला अडथळा होईल तेवढ्यापुरतीच ती काढा.

टॉर्च तिरका मारा आणि भिंगातून बॅरलचं मागचं तोंड बघा. तिथे पेलेट आत घेण्यासाठी हलका उतार दिलेला असतो. त्या उताराच्या कडेला, बहुतेक वेळा खालच्या बाजूला, नखाच्या कोरीएवढा चंद्रकोरीसारखा चमकता पापुद्रा दिसेल. तो शिसं आहे. पेलेट तिरकी असताना बोल्टने रेटली की स्कर्टची एक बाजू कडेवर सोलली जाते आणि ते सोललेलं शिसं तिथेच चिकटून राहतं. पुढची पेलेट कितीही सरळ घातली तरी या पापुद्र्यावर अडून थोडी बाहेरच राहते, बोल्ट तिला जोराने ढकलतो आणि नवा पापुद्रा जमतो. म्हणूनच अशी तक्रार आज दहात एकदा, पुढच्या महिन्यात दहात तीनदा, अशी वाढत जाते. पापुद्रा नेहमी एकाच बाजूला असेल तर दोष पेलेटचा नाही, घालणाऱ्या अंगठ्याचा आहे.

तो काढताना सुई, पिन, स्क्रू ड्रायव्हर यांपैकी काहीही वापरायचं नाही. बॅरलचं तोंड मऊ पोलादाचं असतं, एक ओरखडा कायमचा राहतो. लाकडी टूथपिकचं टोक जरा चावून बोथट करा, त्याने पापुद्रा सुटा करा आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने टिपून घ्या. कापूस करडा निघायचा थांबला की पुरे.

मग एक पेलेट नेहमीच्या पद्धतीने घाला, लिव्हर बंद करा, पुन्हा उघडा. हवा आधीच काढून टाकलेली आहे हे पुन्हा एकदा पाहून, प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या क्लीनिंग रॉडला पुढे फेल्ट लावून नळीच्या तोंडाकडून ती पेलेट हळूच मागे ढकलून बाहेर काढा. ही एक पेलेट तुम्हाला बरंच काही सांगेल. डोक्याभोवती खाचांचे बारीक ठसे सगळीकडून सारखे उमटले असतील तर ती सरळ बसत होती. एका बाजूला खोल, समोरच्या बाजूला पुसट असतील तर तिरकी. स्कर्टची कड एका जागी आत मुडपलेली असेल तर ती बसताना चेपली. अशा पाच पेलेट काढून बघा. एकीवरून काही ठरवू नका.

पेलेट घालण्याची रीत अशी. डब्यातून बोटांनी उपसायची नाही. डबा फोमवर किंवा मऊ कापडावर थोडा कलता करा, मोजक्या पेलेट बाहेर घ्या आणि स्कर्टच्या बाजूने नव्हे, कमरेत धरून उचला. डोकं पुढे. ब्रीचच्या खाचेत ठेवून बोटाच्या पेराने मागून, सरळ रेषेत, डोकं उतारात शिरेल एवढंच पुढे सरकवा. वरून दाबायची नाही. बहुतेकांचा अंगठा सवयीने वरून खाली येतो आणि पेलेटचं नाक वर उचललं जातं. डोकं जागेवर गेलं की बोट काढल्यावरही पेलेट न डुगडुगता उभी राहते. मग लिव्हर एका गतीने, न थांबता बंद करा. अडला तर रेटू नका, उघडा, ती पेलेट टाकून द्या. एक पेलेट वाचवायच्या नादात ब्रीचचं तोंड घासायचं नाही.

पेनासारखं पेलेट सीटर मिळतं, ते घ्यावं का असं काहीजण विचारतात. ते बॅरल मोडून पेलेट घालायच्या स्प्रिंगच्या एअरगनसाठी ठीक. तिथे पेलेट शेवटपर्यंत आपणच बसवतो. तुमच्या पिस्तुलात बोल्ट ते काम ठरलेल्या खोलीपर्यंत करतो. आधीच सीटरने पेलेट आणखी आत ढकललीत तर दर वेळी खोली वेगळी येईल आणि स्कर्टही पसरेल. नका घेऊ.

पेलेटचं माप हा मुद्दा खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. मॅच पेलेट्सच्या डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: 4.48, 4.49, 4.50, 4.51 असा. कोणता तुमच्या बॅरलला चालेल हे मॉडेलवरून सांगता येत नाही, एकाच कारखान्याची दोन बॅरलं वेगळं माप मागतात. तरी एक खूण आहे. नळी खाली झुकवल्यावर पेलेट बोट न लावता आत घरंगळत असेल तर डोकं लहान पडतंय, एक माप वर जा. चांगली गोल पेलेटसुद्धा उतारात शिरायला कुरकुरत असेल तर एक माप खाली या. पूर्ण डबा घेण्याआधी रेंजवरच्या कुणाकडून वेगळ्या मापाच्या दहा-दहा पेलेट मागून पिशवीवर ताडून पाहा. वजनाचं म्हणाल तर पिस्तुलासाठी साधारण 0.45 ते 0.50 ग्रॅमच्या हलक्या, सपाट डोक्याच्या पेलेट वापरतात, रायफलच्या 0.53 च्या असतात. जड पेलेट पिस्तुलात चालत नाही असं नाही, पण नेमाची उंची बदलते. काटा घेऊन एकेक पेलेट तोलत बसण्यात 10 मीटरवर फारसा लाभ नाही. तो वेळ स्कर्ट बघण्यात घालवा.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी इथे आड येतात. एक म्हणजे प्रवास. दुचाकीच्या डिकीत डबा टाकून साताऱ्याहून वाई नाही तर कराडपर्यंत गेलात की आतल्या पेलेट एकमेकींवर आपटून स्कर्ट चेपतात. झाकणाखाली फोमचा गोल तुकडा कापून बसवा, पेलेट हलता कामा नयेत. दुसरी म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर साताऱ्याच्या दमट हवेत उघड्या डब्यातलं शिसं पांढरट पडतं. ती पांढरी भुकटी बॅरलमध्ये जाते, ब्रीचमध्ये बसते आणि लिव्हर जड करते. डबा सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पांढरट पडलेल्या पेलेट सरावालाही वापरू नका. आणि ती भुकटी विषारी आहे: पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपायचं.

आता ओ-रिंग. आवाज वेगळा येतो, किंवा पिशवीवर दोन्ही प्रकारचे ग्रुप पसरले, तर इकडे या. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ब्रीचच्या सांध्यावर आडवी टाका, एक टोक चिकटपट्टीने फ्रेमला लावा आणि रेंजवर, टारगेटच्या दिशेने, खरी पेलेट घालून शॉट मारा. चेहरा सांध्याच्या रेषेत आणू नका. पट्टी फडफडली तर हवा मागून निसटते आहे. नुसती हलली तर दोन-तीनदा करून खात्री करा, झटक्यानेही कागद हलतो.

ही रिंग काही मॉडेलमध्ये बॅरलच्या मागच्या टोकाला असते, काहींत बोल्टच्या नाकावर. जुनी रिंग भिंगाखाली धरली की सपाट झालेली कड किंवा एका जागी पडलेला कट दिसतो. तोही बहुतेक तिरक्या पेलेटनेच पडतो. काढताना टूथपिकच वापरा. खाच कापसाने पुसा.

नवी रिंग शक्यतो त्या पिस्तुलाचीच मागवा. ती यायला वेळ लागत असेल तर साताऱ्याच्या एमआयडीसीत, किंवा सांगलीकडे कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक सीलची दुकानं आहेत, तिथे काही रुपयांत काम होतं. पण दुकानात जुनी रिंग दाखवून ‘अशीच द्या’ म्हणू नका. ती दबून पातळ आणि ताणून मोठी झालेली असते, तिच्या मापाची घेतली तर पहिल्या दिवसापासून गळेल. खाचेचा व्यास, रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजून न्या. आतला व्यास आणि जाडी अशी दोन मापं दुकानदाराला लागतात. साधी नायट्राइलची, 70 शोअर कडकपणाची रिंग या जागी सहसा चालते. 90 ची कडक घेतली तर लिव्हर जड होतो आणि नीट दबत नसल्याने गळतीही थांबत नाही. जाडी एका नंबरने जास्त घेतली तर लिव्हर शेवटच्या टप्प्यात बसतच नाही, आणि मग लोक जोर लावून सांधा वाकवतात. पाच-सहा रिंगा एकदम घ्या, उन्हापासून दूर ठेवा.

बसवताना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, बोटाला जेमतेम चकाकी येईल एवढाच. शिवणयंत्राचं तेल, इंजिन ऑइल, फवारणीची तेलं इथे अजिबात नकोत. नायट्राइलला ती चालतीलही, पण जिथे 200 बार दाबाची हवा खेळते तिथे खनिज तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरच्या आट्यांना आणि भरायच्या जोडालाही हाच नियम. आणि सिलिंडरमध्ये फक्त हवा भरायची, ऑक्सिजन कधीही नाही.

हवेच्या दाबाबद्दल थोडक्यात. सिलिंडर 200 बारपर्यंत भरतात. झपाट्याने भरला की तो तापतो आणि थंड झाल्यावर काटा 10 ते 12 बारने उतरतो, ती गळती नव्हे. उलट एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत 55 अंशांपर्यंत तापला तर 25 अंशांना भरलेले 200 बार 220 होतात, म्हणून गाडीत ठेवू नका. काटा 100 च्या खाली गेला की काही पिस्तुलांचा वेग डळमळू लागतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत आहे. आणि वापरलेलं पिस्तूल घेतलंय म्हणून आत्ताच उठून एक गोष्ट बघा: सिलिंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीख. मॅच पिस्तुलाच्या सिलिंडरचं आयुष्य 10 वर्षं धरलेलं असतं. ते उलटलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सिलिंडर बदला. तो स्पर्धेत तर चालणार नाहीच, घरातही धोक्याचा.

ग्रुप पसरण्याचं एक कारण ब्रीचला नाहक बदनाम करतं, ते म्हणजे कॉम्पेन्सेटर, नळीच्या पुढच्या टोकाला बसवलेला, झटका कमी करणारा भाग. त्याच्या भोकाच्या एकाच कडेला शिशाचा करडा पुसटा दिसला तर पेलेट जाताना तिथे घासते आहे. कॉम्पेन्सेटर साफ करून, सरळ आणि पूर्ण घट्ट बसवा, मगच पुन्हा ताडा. बॅरलची सफाई साधारण एक डबा, म्हणजे 500 पेलेट झाल्या की पुरेशी आहे. बारीक दोरीने कोरडे फेल्ट ब्रीचकडून पुढे ओढून घ्यायचे, दोन-तीन फेऱ्या. साफ केल्यावर पहिले पाच-दहा शॉट जरा इकडेतिकडे जातात, म्हणून स्पर्धेच्या सकाळी सफाई काढू नका.

स्पर्धेवरून आठवलं म्हणून सांगतो. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि ती 12 व्या स्थानावर राहिली. तीच मुलगी 2024 मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्य घेऊन आली. 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, तिथे अडलेल्या लिव्हरशी झटापट करायला वेळ नसतो. नवी रिंग, नवी पेलेट, नवं माप, जे काही बदलायचं ते स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी, आणि एका वेळी एकच.

काही कामं घरी करायची नाहीत. रेग्युलेटर उघडायचा नाही, व्हॉल्व्ह उघडायचा नाही, ब्रीचच्या उताराला पॉलिश पेपर लावायचा नाही. ‘जरासं घासलं की पेलेट अलगद जाईल’ हा सल्ला तुम्हालाही कुणी ना कुणी देईल. तो उतार कारखान्यात बॅरलच्या अक्षाशी जुळवून काढलेला असतो. हाताने घासला की तो एका बाजूला जातो आणि मग खरोखरच बॅरल गेलं म्हणायची वेळ येते. पापुद्रा काढला, अंगठा सुधारला, पेलेट निवडली, रिंग बदलली आणि तरीही निवडलेल्या पेलेट्सचा पिशवीवरचा ग्रुप 7 मिमीच्या बाहेर राहिला, तर पिस्तूल अधिकृत सर्व्हिसला पाठवा. सोबत ती सहा टारगेटं आणि बाहेर काढलेल्या पाच पेलेट एका डबीत घालून द्या. कारागिराचं निम्मं काम तिथेच होतं.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की ब्रीचला शिशाचा पापुद्रा सापडेल आणि खाली जाणारे 7 ट्रिगरचे निघतील. पण आवाजाचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे ओ-रिंग मी अजून सोडून देत नाही. पिस्तुलाचं मॉडेल, सिलिंडरवरची तारीख, पेलेटच्या डब्यावर छापलेला व्यास आणि त्या सहा टारगेटांचे फोटो टाका. लिव्हर सुरुवातीला अडतो की शेवटच्या बोटभर अंतरात, तेही लिहा. शेवटी अडत असेल तर रिंग आधी बघू.